वीबेचं साडेतीन हजार किलोंचं गणित

तंबूत पाठ मोडून घेण्याचे दिवस संपले, असं वीबे होकस्त्राने यंदा जाहीर केलं आणि तिथूनच त्याची साडेसाती सुरू झाली.

नेदरलँड्समधल्या द्राख्तेन गावच्या शाळेत तो अठ्ठावीस वर्षं गणित शिकवत होता. (त्यामुळे घरात त्याचं कुणी ऐकत नसे.) त्याला सात मीटर लांबीची, न्हाणीघर आणि चार पलंग असलेली घरगाडी हवी होती. त्याच्या बायकोला, हिलेकेला, छोटी व्हॅन पुरे वाटत होती.

“माणसं दोन आणि पलंग चार! कूस बदलायला दुसऱ्या पलंगावर जाणार आहेस का?”

“अगं, ऐसपैस नको का?”

“आणि वजन? आपल्या लायसन्सवर साडेतीन हजार किलोंच्या वर एक किलो चालत नाही.”

“हिलेके, मी गणित शिकवतो.”

“बरं. हिशेब चुकला तर घरी येऊन गाडी विकायची. कबूल?”

“कबूल!”

घरगाडी आली. बटाटेवाल्या शेतकऱ्यांच्या वजनकाट्यावर वीबेने ती रिकामी मोजून आणली. मग एकेक वस्तू कवेत घेऊन तो न्हाणीघरातल्या काट्यावर उभा राहायचा आणि आलेल्या आकड्यातून स्वतःचे चौऱ्याऐंशी किलो वजा करायचा. सायकली, खुर्च्या, चीज, मिठाची बरणी आणि घरचे वीस किलो बटाटे. (परदेशातल्या बटाट्यावर कुठला शहाणा डच माणूस विश्वास ठेवेल?) पाण्याची टाकी त्याने मुद्दाम कोरडी ठेवली. हिलेकेचंही वजन विचारलं. ती दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी आकड्याची चिठ्ठी तेवढी सरकवली.

बेरीज तीन हजार चारशे अठ्ठ्याण्णव! दोन किलो शिल्लक! वीबेने तो कागद फ्रिजवर चिकटवला.

स्वित्झर्लंडमध्ये शिरताच पोलिसाने गाडी बाजूला घेऊन काट्यावर चढवली.

“तीन हजार पाचशे ब्याऐंशी.”

वीबेने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. “अशक्य! काटा बिघडलाय तुमचा!”

“काटा परवाच तपासलाय, साहेब. ब्याऐंशी किलो उतरवा आणि जा.”

हिलेके फ्रिजवरचा कागद घेऊन आली. बोट फिरवत तिने तो वरपासून खालपर्यंत वाचला.

“बटाटे आहेत. मी आहे. मीठसुद्धा आहे. वीबे, तू कुठे आहेस?”

“हा काय, इथेच बसलोय.”

“कागदावर रे!”

वीबेने कागद हातात घेतला. एकसष्ट वेळा त्याने स्वतःला वजा केलं होतं. मिळवलं एकदाही नव्हतं.

पोलीस पाठ फिरवून जोरजोरात खोकू लागला.

“बटाटे उतरवू?” वीबेने चाचरत विचारलं.

“बटाट्यांना हात लावून तर बघ!” म्हणत हिलेकेने किल्ली घेतली आणि त्याच्याकडे नखशिखान्त पाहिलं. तो मुकाट्याने खाली उतरला.

“तीन हजार चारशे अठ्ठ्याण्णव,” पोलीस म्हणाला.

“बघितलंस? उत्तर बरोबर आलं!” वीबे आनंदाने ओरडला. तोवर गाडी वळणापलीकडे गेली होती.

तीन आगगाड्या आणि एक बस बदलून संध्याकाळी तो तळ्याकाठच्या कॅम्पवर पोचला. हिलेके खुर्चीत पाय पसरून उकडलेले बटाटे खात होती.

“हरलो बाई,” तो म्हणाला. “घरी गेल्यावर विकून टाकू.”

“विकायची कशाला? दुपारी चारही पलंगांवर लोळून पाहिलं मी. गाडीचं माप अगदी बरोबर आहे. माणूसच एक जास्त आहे.”