दोनशे चाळीस लाद्या

"दुपारी होड्या येतील. तोवर बर्फखान्यातल्या लाद्या मोज आणि वहीशी ताळा जुळव," मालकांनी चिमणीला सांगितलं. "जमलं तर मुनीमकाकांची खुर्ची तुझी."

चिमणीचा जीव त्या खुर्चीत अडकला होता. हिशेबाची पदवी घेऊन ती गावी परतली, तेव्हा कळलं की एवढ्या लांबलचक किनाऱ्यावर हिशेबनिसाची रिकामी होणारी जागा ही एकच. हुकली, तर शहर गाठायचं. आणि घरी जाळी विणणारे बाबा एकटे. सकाळी ते म्हणाले होते, "नाही जमलं तर नाही. माझं काय, मी करून खाईन." आणि चहात मीठ घालून तो मुकाट्याने प्यायले होते.

बर्फखान्यातला दिवा गेलेला. चिमणीने उजेडासाठी दार सताड उघडलं आणि मोजलं. दोनशे चाळीस. वहीतही दोनशे चाळीस!

तिला शंका आली. पहिल्या फटक्यात ताळा जुळला तर पुन्हा मोजावं, असं तिला शिकवलं होतं. या वेळी तिने पट्टी लावून प्रत्येक लादीची लांबी-रुंदी लिहिली. दीड तासाने शेवटच्या लादीपाशी पोचली, तर पहिल्या रांगेची मापं चुकलेली.

"माझंच चुकलं," म्हणत तिने ती रांग पुन्हा घेतली. तोवर दुसरी बदलली. ऊन दारातून आत सरकत होतं. मोजणी अचूक होत होती, बर्फ कमी होत होता. पाय ओले झाले तेव्हा तिने सलवार वर खोचली आणि मोजत राहिली.

मुनीमकाका आले ते पाण्यात चपला वाजवत. "अगं बये! दार?"

"दिसत नव्हतं, काका."

"अडतीस वर्षं मी दार लावून, अंधारात चाचपून मोजतोय!" त्यांनी घाईने दार ओढून घेतलं. दाराजवळच्या बावीस लाद्या साबणाच्या वड्यांएवढ्या उरल्या होत्या. काकांनी आवाज खाली आणला. "दोनशे चाळीसच लिही. होड्यांच्या गडबडीत खपून जाईल. मी बोलणार नाही."

चिमणीचे डोळे भरून आले. दाराच्या फटीतल्या उजेडात तिने लिहिलं, 'दोनशे अठरा. बावीस माझ्या मोजण्यात वितळल्या.'

तेवढ्यात मालकांनी दार उघडलं, वही घेतली आणि उंबऱ्यावरच उभं राहून दोनदा वाचली. चिमणीने पट्टी पिशवीत टाकली.

"काका, तुमच्या वहीत अडतीस वर्षांत किती वितळल्या हो?" मालकांनी विचारलं.

"एकही नाही," काका छताकडे बघत म्हणाले.

"बर्फाच्या धंद्यात!" मालक दाराला टेकले. "पोरी, माझ्या वडिलांना आयुष्यभर वाटायचं, आपल्याकडे खरं लिहिणारं एखादं माणूस–"

"मालक, आत या नाहीतर बाहेर जा!" चिमणी ओरडली. "तुमच्या बोलण्यात अजून दोन जातील!"

मालक गुपचूप बाहेर झाले. दार लागलं. आपण कोणाला काय बोलून बसलो, हे चिमणीला आता कळलं.

मग बाहेरून हलकेच टकटक झाली.

"मॅडम," मालक विचारत होते, "उद्यापासून किती वाजता येणार?"

चिमणीच्या आधी काकांनीच ओरडून सांगितलं, "आठला!" आणि बराच वेळ नाक पुसत राहिले.

"थंडी फार आहे इथे," ते म्हणाले.