मुखेडकर सरांच्या पोटातलं पाणी

जुनी गाडी घ्यायला गेलेला माणूस आधी काय करतो? बॉनेट उघडतो, टायरला लाथ मारतो आणि काही कळत नसलं तरी इंजिनाकडं बघून मान हलवतो. आमच्या शेजारचे मुखेडकर सर यातलं काहीएक करत नाहीत. ते मालकाकडं पाणी मागतात. तांब्याभर. उभ्या उभ्या घटाघटा पितात, मागच्या सीटवर डाव्या बाजूला जाऊन बसतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, "हं, चालवा आता."

गाडी एक चक्कर मारून आली की मालक मोठ्या आशेनं विचारतो, "कशी वाटली?"

"हललं," सर म्हणतात.

"काय हललं?"

"पोटातलं पाणी."

आणि चपला घालून जवळच्या झाडाकडं चालू लागतात. गाडी चांगली असली की 'पोटातलं पाणीसुद्धा हलत नाही' असं आपण सहज बोलून जातो. सरांनी ते शब्दशः घेतलं. जन्मभर हायस्कुलात भूमिती शिकवलेला माणूस; विधान केलंय ना, मग सिद्ध करून दाखवा. सर ज्याच्याकडं पाणी प्यायले नाहीत, असा जुन्या गाड्यांचा एकही दलाल नांदेडात उरला नव्हता. पुढं पुढं तर ते कोपऱ्यावर दिसले की दलालच आत ओरडायचे, "तांब्या भरा रे, सर आले!"

मी त्यांच्याबरोबर असायचो, कारण सरांना गाडी चालवता येत नाही. हे खरं म्हणजे आधीच सांगायला हवं होतं. चालवता येत नाही तर गाडी घेता कशाला, असं मी त्यांना एकदा विचारलंही.

"माधव, मला पोहता येत न्हाई. मग मी पाणी पिऊ नये का?"

भूमितीच्या मास्तराशी वाद घालू नये. शिवाय मला गाडी चालवायला आवडते, आणि मी चांगली चालवतो. हे मीच सांगतो, कारण दुसरं कुणी सांगत नाही.

खरा प्रश्न सुमनकाकूंचा होता. काकूंना गाडी लागते. साधीसुधी नाही, एसटी स्टँडचा नुसता वास आला तरी त्यांचा चेहरा उतरतो. लग्न होऊन शिरूर अनंतपाळहून नांदेडला आल्या, त्या प्रवासात त्यांचे जे हाल झाले, त्यानंतर त्यांनी चाकाच्या वस्तूत पाय ठेवला नाही. माहेरी जाणंही बंद. त्यांना आईच्या मायेनं वाढवणारी थोरली बहीण, आक्का, तिकडंच शिरूरला असते. पंचमीला आक्काच इकडं यायच्या, आणि दिवाळीला सर एकटे एसटीनं जाऊन काकूंच्या हातचा फराळ तिकडं पोचवायचे. सगळं सुरळीत चाललं होतं.

मग आक्का अंगणात घसरून पडल्या आणि त्यांनी अंथरूण धरलं. आता आक्का येऊ शकेनात आणि काकू जाऊ शकेनात. दोघींचे व्हिडिओ कॉल व्हायचे, पण आक्का फोन असा धरायच्या की इकडं फक्त छताचा पंखा दिसायचा. काकू त्या पंख्याशीच बोलायच्या, "जेवलीस का गं? गोळी घेतलीस का?" एकदा फोन ठेवून त्या म्हणाल्या, "आता आक्काची न् माझी गाठ वरच." सर पेपर वाचत होते. दुसऱ्या दिवसापासून त्यांचं पाणी पिणं सुरू झालं.

तर एके दिवशी त्यांना लातूरच्या एका गाडीचा सुगावा लागला. आता, मागं डिकी असलेल्या लांब गाडीला सर 'सेडान' म्हणत नाहीत. जुन्या इंग्रजी मासिकांत 'सलून' लिहिलेलं असायचं, म्हणून तेच शुद्ध. ओट्यावर उभे राहून ते भाच्याला फोनवर सांगत होते आणि सगळी गल्ली ऐकत होती. "लातूरला एक सलून घेऊन राहिलो. जुनं हाय, पण मालक लई शौकीन. बसणाऱ्याची फार बडदास्त!"

संध्याकाळी कोपऱ्यावरच्या कटिंगच्या दुकानाचा गजानन हात बांधून दारात उभा.

"सर, माझं काही चुकलं का?"

"का रे?"

"न्हाई, ह्या वयात तुम्ही सलून टाकून राहिले म्हणून आलो. अन् तेबी लातूरला! इथंच टाकलं असतं तर मी बसलो असतो की तुमच्या दुकानात."

सरांनी त्याला सलून म्हणजे गाडी हे नीट समजावून दिलं. गजाननला पटलं नाही. जाताना मला हळूच म्हणाला, "पण खुर्ची फिरती हाय का त्यात?"

लातूरची गाडी एका डाळमिलवाल्या शेठची होती. काळी, लांबलचक, विलायती बनावटीची, वयानं पोक्त. वेगाचा काटा दोनशेच्याही बराच पुढं जाणारा. शेठ बॉनेटवर थाप मारून म्हणाले, "सर, ही साहेबलोकांची गाडी. पुढं बसतो तो पगारी माणूस, मागं बसतो तो मालक. सगळी ऐश मागं हाय बघा." पगारी माणसाच्या जागेवर मी बसलो. सरांनी तांब्या मागितला.

मी मुद्दाम खड्ड्यांचा रस्ता धरला. एक नाही, दोन गतिरोधक तसेच ओलांडले. मागून आवाज नाही. परत आलो तर सरांचे डोळे अजून मिटलेलेच. शेठ घाबरले.

"शेठ," सर डोळे उघडून म्हणाले, "अजून एक तांब्या."

दुसरी चक्कर झाली. सर उतरले. आजवर प्रत्येक गाडीतून उतरल्यावर ते आमच्याकडं पाठ करून बराच वेळ एखाद्या झाडाखाली उभे राहायचे. विचार करतात, असं मला वाटायचं. या वेळी ते गाडीजवळच थांबले आणि टपावर हात ठेवून म्हणाले, "हललं न्हाई."

गाडी घेऊन निघालो. अहमदपूर ओलांडल्यावर रस्ता सरळ झाला आणि मी पाय दाबला. काय सांगू! म्हातारी अशी उधळली की शेजारून जाणारे ट्रक मागं सरकायला लागले. आत मात्र एवढी शांतता, की सरांच्या पोटात काही हललं असतं तर मला ऐकू आलं असतं.

"सर, भीती वाटून राहिली का?"

"पळव. पण ब्रेक लावताना सबूर."

ज्या पाण्याला गाडीनं हलवलं नव्हतं ते लोह्याच्या अलीकडं आपणहून हललं, आणि आम्हाला दोनदा थांबावं लागलं. नांदेडात शिरलो तर चौकातल्या हवालदारानं सरांना सलाम ठोकला. मागं बसलेला माणूस कुणीतरी बडा असणार, अशी त्याची खात्री झाली होती. सरांनीही वर्गात हजेरी घेताना हलवायचे तशी मान हलवली.

काकूंनी दारातूनच गाडी पाहिली. "लई बुटकी हाय," म्हणाल्या आणि आत गेल्या.

सरांनी आग्रह केला नाही. ते एवढंच म्हणाले, "चालवायची न्हाई. मेथी निवडायला बस." झाडाच्या सावलीत काचा खाली केल्या की घरापेक्षा गाडीत गार वाटतं, हे काकूंना पटलं. मग रोज दुपारी आमच्या गल्लीत साहेबलोकांच्या गाडीत मेथी, शेपू, चुका निवडला जाऊ लागला. एके दिवशी मी इंजिन सुरू केलं. काकूंना कळलंच नाही. पुढं मी गाडी गजाननच्या दुकानापर्यंत नेली. काकू म्हणाल्या, "हे दुकान इकडं कधी आलं?" आणि एका सकाळी ठेवणीतलं लुगडं नेसून, हातात डबा घेऊन त्या स्वतःच गाडीत बसल्या. "चला शिरूरला. पुन्हा पुन्हा विचारू नका, न्हाईतर उतरंन."

काकू सगळ्या वाटेत काचेला डोकं टेकून होत्या. चेहरा थोडा उतरला, पण निभावलं. आक्का पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. काकू जाऊन त्यांच्याजवळ बसल्या. मग आक्कांनी काकूंच्या तोंडावरून हात फिरवला. "किती वाळलीस गं सुमे. फोनमधी तर गुबगुबीत दिसतीस." मला डोळे पुसावे लागले, आणि पुसले.

चहा झाला. आक्का सरांकडं निरखून बघत होत्या.

"आज मास्तर सरळ घरात आले की! न्हाईतर दर दिवाळीला एसटीतून उतरले की आधी आडावर. तोंड धुवायचे न् मग घंटाभर ओसरीवर आडवे. मी मनायची, तुमाला इतकी गाडी लागते तर येता कामून? तर मनायचे, सुमीला सांगू नका."

सर एकदम बशी पुसायला लागले. काकूंनी त्यांच्याकडं पाहिलं. मीही पाहिलं. झाडाखाली पाठ करून उभे राहणारे सर आता कुठं मला कळले. हे माझ्यापासूनही लपवलं म्हणून मला त्यांचा रागही आला आणि त्यांच्याबद्दल मायाही दाटून आली.

परतताना चाकूर मागं पडलं. तेव्हा काकू म्हणाल्या, "आवं, दिवाळीला शिरूरहून आल्यावर तुमी जेवत नव्हता."

"हं."

"मी म्हणायचे, आक्काच्या हातचं हादडून आले, आता माझं कशाला गोड लागंल? लई बोलायचे तुमाला."

"हं."

"तर तोंड उघडायचं न्हाई?"

"उघडलं असतं तर तू मला जाऊ दिलं असतं का? मग डबा कुणी नेला असता?"

मी आरशात बघायचं टाळलं आणि समोर बघत राहिलो. रस्ता मोकळा होता, गाडी मजेत पळत होती. थोड्या वेळानं काकूंनी माझ्या खांद्याला हात लावला.

"माधव, जरा सावकाश घे बाबा. आमाला दोघांनाबी गाडी लागते."