पेशंट : वांगी, वय पाच आठवडे

खानोलकर काका वांग्याच्या रोपाला खत देण्याआधी त्याचा बुंधा स्पिरिटच्या बोळ्याने पुसतात. मग सिरिंजमध्ये युरियाचं पाणी भरतात, सुई वर धरून एक थेंब उडवतात आणि "जरा टोचेल हं" म्हणून मुळाशी सोडतात. टोचतं ते मातीला, पण एवढं म्हटल्याशिवाय त्यांचा हात चालत नाही. शपथेवर सांगतो, एक भेंडी घाबरून मागे सरकताना मी डोळ्यांनी पाहिली आहे.

काका कोपरीतल्या आमच्या सोसायटीत माझ्या समोरच्या दारात राहतात. नौपाड्यातल्या एका लॅबमध्ये त्यांनी चौतीस वर्षं लोकांचं रक्त काढलं. ज्याच्या दंडात काकांची सुई गेली नाही असा माणूस कोपरीत भेटलाच, तर तो नक्की कुणाकडे तरी पाहुणा आलेला असतो. "रिपोर्टशिवाय बोलू नका" हे त्यांचं पालुपद. आज फार उकडतंय म्हटलं तरी विचारतात, "रिपोर्ट आहे?" लग्नासाठी मुलगी बघायला गेले तेव्हा पत्रिका बाजूला सारून त्यांनी आधी रक्तगट विचारला. मुलगी म्हणाली, "चहा निवतोय, तो प्या आधी." त्या सुमनकाकू.

इमारतीमागे पाण्याच्या टाकीपासून कंपाउंडच्या भिंतीपर्यंत सात-आठ चटया मावतील एवढी जमीन आहे. काका तिला शेत म्हणतात. निवृत्त झाल्यावर नवराबायकोने तिथे भाजी लावली आणि पहिल्याच दिवशी फाळणी झाली. टाकीकडचं शेत काकांचं, भिंतीकडचा कोपरा काकूंचा. काका ग्रॅमवर मोजून खत घालणार. काकू चहाचा चोथा, मासे धुतलेलं पाणी, कोलंबीची सालं, मेथीच्या काड्या, हाताला येईल ते कोपऱ्यात पुरणार.

"अगं, प्रमाण किती घेतेस?"

"ओंजळभर."

"ओंजळ हे युनिट नाही, सुमन!"

काकूंचा दुधी मात्र वाढत वाढत पहिल्या मजल्यावरच्या आमच्या खिडकीतून आत यायचा. टीव्हीसमोर त्याच्यासाठी आम्ही एक खुर्ची मोकळी ठेवायचो.

काकू जाऊन तीन वर्षं झाली. त्यांच्या कोपऱ्यातलं तण काका उपटतात, पाणी घालतात, पण लावत काही नाहीत. इकडे त्यांचं स्वतःचं शेतही बसत चाललं. वांगी पिवळी, टोमॅटो गोट्यांएवढे. शेवटी सेक्रेटरींनी नोटीस लावली : या मोसमात भाजी आली नाही, तर तिथे बाइकचं पार्किंग होईल. काका नोटीस वाचून माझ्याकडे आले. बसले, पण चहाला हात लावला नाही.

"मोहिते, दिवसभर खाली जायला तेवढीच एक जागा आहे मला," म्हणाले. मग सावरून, "पेशंट सिरियस आहे. मातीचा रिपोर्ट काढू."

हातमोजे, मास्क, सगळा थाट करून काकांनी सात ठिकाणी वीतभर खड्डे खणले. माती जेवणाच्या टेबलावर सावलीत वाळवली, चार वाटे केले, समोरासमोरचे दोन टाकून दिले, पुन्हा चार वाटे, असं करत अर्धा किलोवर आणली. बाळंतपण झाल्यासारखा चेहरा होता.

"भिंतीकडचीही घ्या ना," मी म्हटलं.

"ते सँपल नको," एवढंच म्हणून ते हातमोजे बदलायला गेले.

रिपोर्ट आला. नत्र कमी, सेंद्रिय कर्ब फारच कमी. शिफारस : शेणखत किंवा कंपोस्ट घाला, युरिया थोडा आणि हप्त्याहप्त्याने.

सेक्रेटरी म्हणाले, "काका, दहा-सव्वीस-सव्वीस खत टाका. माझे सासरे तेच टाकतात."

"सासऱ्यांचा रिपोर्ट आहे?"

शेणखत काकांनी साफ नाकारलं. "त्यात काय किती आहे, याचं लेबल कुठाय?" युरियाची इंजेक्शनं तेवढी सुरू झाली. प्रत्येक रोपाला केसपेपर : पेशंट वांगी, वय पाच आठवडे, तक्रार पिवळेपणा. पानं चार दिवस हिरवी व्हायची, पाचव्या दिवशी पुन्हा मान टाकायची.

मग मी एक उपद्व्याप केला. काका दाताच्या डॉक्टरकडे गेलेले असताना कोपऱ्यातली माती खणली आणि माझ्या नावावर तपासायला पाठवली. रिपोर्ट आला तसा उरलेल्या मातीची पिशवी घेऊन काकांकडे गेलो. "काका, आमच्या साताऱ्याकडच्या जमिनीचा रिपोर्ट. जरा बघता?"

काकांनी चष्मा चढवला. "सेंद्रिय कर्ब भरपूर. नत्र भरपूर. सध्या खताची गरज नाही." पुन्हा वाचलं. मग पिशवीत चिमटा घालून त्यांनी एक लालसर तुकडा उचलला आणि उजेडात धरला.

"मोहिते, साताऱ्यात कोलंबी कुठल्या शेतात पिकते हो?"

काका आत जाऊन एक जाड फाइल घेऊन आले.

"तिच्या आजारपणात सगळी सँपल्स मीच काढली. सगळे रिपोर्ट यात आहेत. चांगला एकही नाही." पेन काढून त्यांनी कागदावरचं माझं नाव खोडलं आणि वर सुवाच्य अक्षरात 'सुमन खानोलकर' लिहिलं. "हा पहिला," म्हणाले आणि तो फाइलीत सगळ्यांत वर लावला.

दोन महिन्यांनी सेक्रेटरींच्या घरी अकरा वांगी गेली, सोबत डिस्चार्ज कार्ड. नोटीस उतरली. पण मला आठवते ती रिपोर्टच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. बेल वाजली. दारात काका, हातमोज्यांशिवाय, हातात बादली.

"तुमचा चहाचा चोथा यापुढे कचऱ्यात जाणार नाही. मला हवाय."

"किती हवाय, काका?"

काकांनी इकडेतिकडे पाहिलं, घसा साफ केला आणि हळूच म्हणाले,

"ओंजळभर."