चाळिसाच्या आत

“नवं इंजिन आणि नवा जावई, सुरुवातीला दोघांवरही ओझं टाकू नये रे!” पिठाच्या गिरणीच्या भकभकाटावर आवाज चढवून काका म्हणायचे. गिरणी गेली, काका गेले. आवाज तेवढा घड्याळजींच्या कानात मुक्कामाला राहिला.

त्यामुळे जुन्या मोटारीचं इंजिन उघडून, पिस्टन-रिंगा बदलून मेकॅनिकनं ती परत दिली आणि “रवेपर्यंत, म्हणजे नव्या रिंगा नीट बसेपर्यंत, चाळिसाच्या आत. आणि एकाच वेगात चालवू नका, कमीजास्त करत राहा,” असं बजावलं, तेव्हा घड्याळजींनी त्याची खूणगाठ बांधली.

नेमकं त्याच आठवड्यात सासूबाईंना स्टेशनवर सोडायचं आलं. त्यांची धाकटी बहीण दुसऱ्या दिवशी सकाळी कायमची परदेशी निघाली होती. आगगाडी चुकली की भेट चुकली.

“रिक्षा बोलावते,” बायको म्हणाली.

“घरात मोटार असताना? आईंना मीच सोडणार. फक्त ट्रंक नको. वजन पडतं.”

“आणि आईचं पडत नाही?”

“आईंबद्दल मी काही बोललो का?”

“बोलूही नका,” सासूबाई आतून म्हणाल्या.

शेवटी तोडगा निघाला. ट्रंक, वळकटी आणि बायको रिक्षात, सासूबाई मोटारीत.

मोटार निघाली. तीस, अडतीस, पुन्हा पंचवीस. मागचा ट्रकवाला पुढे जायला निघाला की ही पळायची, तो मागे सरला की ही रेंगाळायची. अखेर त्यानं बरोबरीला येऊन मान बाहेर काढली. “ओ काका, गरिबाची थट्टा करताय होय?”

चढावर एक सायकलवाला खिडकीशी आला. “पंक्चर का हो?”

“नाही. इंजिन नवं केलंय.”

“अरेरे! जुनं एवढं वाईट होतं?” म्हणून तो पुढे निघून गेला.

सासूबाई हलक्या आवाजात गुणगुणू लागल्या:

“चाल चाल गं मोटारबाई, पुढं गेली मुंगी,
मालकाच्या डोळ्यांवरती कशी आली गुंगी!”

“आई, इंजिन रवायला हवं.”

“रवू दे की. रुजू देऊ नका म्हणजे झालं.”

इतक्यात फोन वाजला. सासूबाईंनी उचलला. “आई, आगगाडी लागली! ट्रंक बाकाखाली गेली, वळकटी तुझ्या जागेवर खिडकीशी बसलीय. तू कुठायस?”

“मुंगीच्या मागे,” सासूबाई म्हणाल्या. त्यांनी फोन ठेवला. मग काचेकडे बघत पुटपुटल्या, “लहानपणी माझ्याच कडेवर असायची हो ती. आता पुन्हा कधी दिसायची?”

घड्याळजींना गलबलून आलं. मन त्यांचं होतं, पण पाय काकांचा होता. काटा चाळिसाला टेकला की पाय आपसूक उचलला जायचा.

“जावईबापू,” सासूबाईंनी पदर खोचला. “रागावू नका. काल दुपारी तुम्ही घोरत होतात, तेव्हा मी ही मोटार मोठ्या रस्त्यानं फिरवून आणली. शंभरानं.”

“शंभर?”

“तुमच्या घोरण्यापेक्षा गोड आवाज येत होता. दाबा आता!”

जायचं ते पाणी पुलाखालून कालच गेलं होतं. घड्याळजींनी दातओठ खाऊन पाय दाबला. ट्रकवाला मागे पडला, सायकलवाला मागे पडला, काकाही कुठेतरी मागे पडले.

फलाटावर बायको एक पाय डब्याच्या पायरीवर रोवून गार्डाला सुनावत होती, “आई आल्याशिवाय हलवून तर दाखवा!” गार्डासकट तिघांनी मिळून सासूबाईंना वर चढवलं, आणि आगगाडी हलली.

खिडकीतून सासूबाई वाकल्या. “जावईबापू, खोटं बोलून जाऊ नये. मला कुठलं येतंय चालवायला? मी नुसती शेजारी बसले होते!”

घड्याळजी सावकाश वळले. बायको आगगाडीकडे बघून जरा जास्तच जोरात हात हलवत होती. शेवटचा डबा वळणाआड गेला तरी हलवत होती.

“आणि शंभर नव्हतं काही,” ती अखेर म्हणाली. “एकशेदहा होतं. आईनं डोळे मिटले होते.”