माझ्या कूलरवरचा शंकरपट

मे महिन्यात मी एकच साधा निर्णय घेतला होता: आपला कूलर कोणालाही द्यायचा नाही. बार्शीटाकळीत पारा पंचेचाळीसला टेकला की माणूस जमीन सोडेल, हट्ट सोडेल, पण कूलरपुढची खाट सोडणार नाही. माझी खाट तर अशी लावलेली होती की सगळी हवा आधी मला लागायची. माझ्यातून उरली, तर घराला.

हा कारभार झकास चालू असताना आमची सून पौर्णिमा लग्नाच्या व्हिडिओंची कामं घेऊ लागली. तिचा लॅपटॉप नवा कोरा, पण तापला की मंदावतो. म्हणून तिला कूलरची खोली पाहिजे. हे कमी होतं की काय, म्हणून आमचा किशोर झेंडूची क्रेटं घेऊन अमरावतीला गेला आणि रिकाम्या टेम्पोत एक सर्व्हर घालून परत आला. तिथल्या कुठल्याशा बंद पडलेल्या कोचिंग क्लासनं तो काढून टाकला होता. आडवी पाडलेली लोखंडी पेटीच ती! चालू केली तर असा घरघराट, की शेजारच्या माणिकबाई डोक्यावर गव्हाचा डबा घेऊन दारात उभ्या.

"खुशालभाऊ, चक्की टाकली काय? जरा बारीकच दळजा."

"ठेवून जा," मी म्हणालो, "संध्याकाळी न्या." (काय करू, राहवतच नाही मला.)

इकडे घरात जुंपली होती.

"बाबा, याच्यात बत्तीस कोर आहेत," किशोर म्हणाला. "कोर म्हंजे काम करणारे बैल समजा. लॅपटॉपात आठच. मंग कूलर कोनाले पाह्यजे?"

"बत्तीस बुढे बैल!" पौर्णिमा स्वयंपाकघरातून ओरडली. "माह्ये आठ जवान गोऱ्हे आहेत. मामाजी, तुमीच सांगा, पटात कोन जिंकते?"

आता मी पडलो सातवीत दोनदा बसलेला माणूस. प्रोसेसर खातात की पेरतात, मला ठाऊक नाही. पण शंकरपट? बैलजोड्यांच्या शर्यतीत सारी हयात घालवली आहे मी. (पळवण्यात नव्हे, कुंपणावर बसून चुका काढण्यात.)

"मंग पट भरवा!" मी खाटेवरूनच जाहीर केलं. "जो जिंकन, त्याच्यापुढं कूलर. बरोबरी झाली तं कूलर जिथं आहे तिथंच."

शेवटचं वाक्य मी जरा हळूच म्हणालो. माझा सगळा डाव त्याच वाक्यात होता. दोघांपैकी कोणी जिंकायचंच नाही, एवढंच मला बघायचं होतं.

"पंच मी," माझी बायको मनकर्णा म्हणाली. तिथंच मी सावध व्हायला पाहिजे होतं.

एका लग्नाचा अख्खा व्हिडिओ दोन्ही यंत्रांना दिला. ज्याचा आधी तयार होईल, तो जिंकला. न्याय सारखा म्हणून कूलर बंद केला. मी दोघांच्या कपाळाला गुलाल लावायला निघालो, तर सुनेनं माझा हात धरला. मग नुसतीच खांद्यावरच्या पंच्याची झेंडी हलवून "हाऽऽन!" केलं. तासाभराचं काम, म्हणून बाकीचे जेवायला बसले आणि मी राखणीला राहिलो. (बोक्याला दुधाजवळ बसवलं म्हणा ना.)

वीस मिनिटांत पडद्यावर पाहतो तर लॅपटॉप चाळीस टक्के आणि सर्व्हर पंचवीस! माझा कूलर निघाला की सुनेकडे. मी हळूच लॅपटॉपखाली गोधडी सरकवली. गरिबानं मऊ बसावं, दुसरं काय! त्याची गरम हवा तिथंच कोंडली, तो धापा टाकू लागला आणि अठ्ठेचाळीसवर घुटमळला. मी खूश. पण तेवढ्यात सर्व्हर पंचावन्नच्या पुढं गेला. आता कूलर चालला पोराकडे!

सर्व्हरच्या मागं जाऊन वायर उपटली. तो नुसता पींऽऽ करत ओरडला, पण थांबेना. वाकून पाहिलं तर दुसरी वायर. हे जनावर दोन तोंडांनी खात होतं! दुसरीही उपटली असती तर तो आडवाच झाला असता आणि लॅपटॉप जिंकला असता. म्हणून मी पंचा ओला केला आणि मोठ्या मायेनं त्याच्या तोंडावर पांघरला.

त्यानं तो पंचा असा आत ओढून धरला की कातडीच वाटावी, आणि मग जो हंबरला! विमान आमच्या पत्र्यांवर उतरतंय असं वाटलं. किशोर हातात भाकर घेऊनच धावत आला.

"बाबा! हा पंचा कोनं टाकला?"

"घामेजला होता बिचारा."

"अन् याच्याखाली गोधडी?" पौर्णिमानं विचारलं.

"त्याले थंडी वाजून राहिली होती."

(पंचेचाळीस डिग्रीत. मला दुसरं काही सुचलंच नाही हो.)

"तुमी भाईर व्हा," पंच म्हणाल्या.

पट पुन्हा झाला. मी ओट्यावरून खिडकीला नाक लावून पाहिला. लॅपटॉप सरळ जिंकला. काम एकच, त्याला बत्तीस बैल जुंपताच येईनात. सर्व्हरचे निम्मे बैल उभ्या उभ्या रवंथ करत राहिले.

"हे तं एकच काम झालं," किशोर म्हणाला. "चाळीस छोटे व्हिडिओ एकदम टाका, मंग पाहा."

टाकले. लॅपटॉप सुसाट निघाला आणि पाचव्या-सहाव्यालाच त्याच्या तोंडाला फेस आला. सर्व्हर मात्र नांगरटीला निघाल्यासारखा सावकाश चालत राहिला आणि सगळे चाळीस घेऊन पहिला आला.

"एक-एक!" मी खिडकीतून टाळ्या पिटल्या. "बरोबरी! पंच, कूलर जिथं आहे तिथंच!"

"हव," मनकर्णा म्हणाली. "कूलर जिथं आहे तिथंच राहीन. किशोर, खाट उचल."

आता कूलरपुढं एका बाजूला लॅपटॉप, दुसऱ्या बाजूला सर्व्हर. खाट आणि मी ओट्यावर. शिवाय कूलरमध्ये पाणी भरायचं काम माझ्याकडे आलं आहे. नळ अंगणाच्या त्या टोकाला.

काल बादली घेऊन आत आलो, तर पौर्णिमा सासूला म्हणत होती, "आत्याबाई, उन्हानं मामाजीचा स्पीड कमी झाला वाटते. त्यायलेही घडीभर कूलरपुढं बसवून पाहू काय?"

गुणाची आहे हो पोर. मी बादली तिथंच खाली ठेवली आणि चेहरा जरा आणखी थकलेला केला.

मनकर्णा गवारीच्या शेंगा मोडत होती. तिनं मान वर केली नाही.

"काही उपेग नाही वं. तीस उन्हाळे मी पाह्यलं. गार ठेवले तरी तेवढेच चालतात."