नानांचं उघडं दार

संगणकात नवीन मॉड्यूल उतरत असताना नाना घराचं दार सताड उघडं ठेवतात. पारोळ्याचं ऊन आत येतं, रस्त्यावरची धूळ येते, एकदा शेजारची बकरीही आली. पण दार लावायचं नाही. "पाव्हना यी राहिना," नाना म्हणतात. पाहुणा वाटेत असताना दार लावणं त्यांच्या घरात कधी झालं नाही, मग तो एस्टीने येवो नाहीतर इंटरनेटने.

नाना पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. अंगणात त्यांचं स्वतःचं पर्जन्यमापक आहे, आणि त्या पावसाचा आलेख काढायचा म्हणून ते या वयात पायथन शिकायला बसले. पायथन म्हणजे संगणकाला काम सांगायची भाषा. तिच्यात सगळं आयतं नसतं. आलेख काढणारं मॉड्यूल वेगळं उतरवून घ्यावं लागतं. मी शेजारचा, जळगावला संगणकाचीच नोकरी करणारा आणि दर रविवारी आईवडिलांकडे येणारा. हे काम माझ्याच गळ्यात पडणार होतं.

पहिल्यांदा पडद्यावर एकामागून एक नावं सरकू लागली तेव्हा नाना चष्मा सावरून म्हणाले, आपण तर एकालाच बोलावलं होतं. मी सांगितलं, आपल्या मॉड्यूलचं या बाकीच्या मॉड्यूलांवाचून चालत नाही, म्हणून ते या सगळ्यांना घेऊनच येतं. माझ्यासारख्याला याचा वैताग येतो. नानांची मात्र कळी खुलली.

"बठ्ठासले चहा टाकू का?" त्यांनी विचारलं, आणि खरोखरच सगळ्यांना पुरेल असं मोठं पातेलं चढवलं. तो चहा मला एकट्याला संपवावा लागला.

लाल अक्षरांत चूक उमटली की नाना आवाज खाली आणतात. पाहुण्यासमोर वाद नको. बिघडलेलं मॉड्यूल काढून टाकायचा हुकूम तेवढा मी त्यांना एकदा शिकवला होता. इंटरनेट मध्येच तुटलं तर "थकना व्हई" म्हणून माझ्यापुढे चिवड्याची बशी सरकवतात.

कटकट एकच होती. या रविवारी बसवलेलं मॉड्यूल पुढच्या रविवारी गायब असायचं. "निंघी गया ना भाऊ," नाना पडेल चेहऱ्याने सांगायचे. मी संगणक साफ केला, व्हायरस शोधले, विजेच्या खात्याला शिव्या घातल्या. काही उपयोग झाला नाही.

मग माझी धुळ्याला बदली झाली. आईवडीलही माझ्यासोबत येणार होते, म्हणजे रविवारची फेरीच बंद. आता नानांना त्यांचं त्यांना जमलं पाहिजे, म्हणून शेवटच्या रविवारी मी शिकवायला बसलो. आधी दिलेला हुकूम पुन्हा हवा असेल तर वरचा बाण दाबायचा, असं म्हणत मी तो दाबला.

पडद्यावर मॉड्यूल काढून टाकायचा हुकूम आला. अजून मागे गेलो, तर माझा बसवायचा हुकूम. त्याच्याही मागे पुन्हा काढून टाकायचा. एकाही अक्षराची चूक नव्हती. मी एवढं चांगलं शिकवलं होतं तर.

नाना अंगणातल्या पर्जन्यमापकाकडे बघत होते. त्यांच्या पत्नी अक्का गेल्यापासून त्या घरात दुसरा कप फक्त रविवारी निघत होता, आणि मी प्रत्येक वेळी घड्याळाकडे बघत तो चहा प्यालो होतो.

मी पडद्यावरचे हुकूम पुसले आणि म्हटलं, "नकाशाचं मॉड्यूल राहिलंय नाना. ते तुम्हाला एकट्याला जमणार नाही. धुळ्याहून काय, तासाभरात येईन."

मी संगणक बंद केला आणि निघताना धूळ आत येते म्हणून दार ओढून घेऊ लागलो.

"राहू दे उघडं," नाना आतून म्हणाले. "रविवारले पाव्हना यी राहिना."

अजून सोमवारसुद्धा उजाडला नव्हता.