भगवंतरावांचं तीनचाकी मेज

भगवंतराव मांजराला भीत. मांजर आडवं गेल्याचं त्यांना काही नव्हतं. ते पाय न वाजवता येतं, ही त्यांची तक्रार होती. म्हणून घरच्या मांजराच्या गळ्यात त्यांनी घुंगरू बांधलं होतं, आणि मग रोज घुंगराच्या आवाजानं दचकत.

धाराशिवच्या तहसील कचेरीत ते नक्कलनवीस होते. राज्य निजामाचं, कागद सगळे उर्दूत, आणि त्यांच्या नकला भगवंतरावांनी करायच्या. अक्षर असं की हैदराबादहून आलेले साहेबलोकसुद्धा कागद उजेडात धरून बघत बसायचे. मी त्याच कचेरीत कारकून, आणि राहायलाही त्यांच्याच गल्लीत. त्यांचा एक शब्द ठरलेला होता, एहतियात. म्हणजे खबरदारी. भर उन्हाळ्यात छत्री घ्यायची, का तर एहतियात. कचेरीत दाराजवळची जागा धरायची, तीही एहतियात. आम्ही त्यांना एहतियातराव म्हणायचो. हे नाव ठेवणारा मीच.

निजामाच्या राज्याचं ते शेवटचं वर्ष. अमक्या गावात हत्यारबंद माणसं मोटारीतून उतरली, तमक्याचं घर जाळलं, अशी रोज एक बातमी यायची. खरी किती, खोटी किती, कळायचं नाही. दिवेलागणीच्या आधीच बाजार उठायचा. भीती आम्हालाही होतीच, पण भगवंतरावांच्या भीतीला हसलं की आपली तेवढा वेळ विसरता यायची.

त्यातच त्यांची कंबर धरली. खाली बसवत नाही, नकला घरी पाठवा, असा निरोप आला. अक्षरापायी तहसीलदारसाहेबांनी ते कबूल केलं आणि कागद नेण्या-आणण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. बाजेवर बसून लिहिता यावं म्हणून भगवंतरावांनी स्वतःच मेज बनवायला घेतलं. कंबर धरलेला माणूस करवत कशी चालवतो, हे तेव्हा मला सुचलं नाही.

वर रॉकेलच्या खोक्याच्या फळ्या, पाय बाजेपेक्षा उंच. शेजाऱ्यांच्या पोराचा जुना पांगुळगाडा मागून आणला आणि त्याची चाकं पायांना ठोकली. पांगुळगाड्याला चाकं तीन, म्हणून मेजालाही तीनच. चौथं कुठंय, असं विचारलं तर म्हणाले, "पोरं तीन चाकांवर चालाया शिकत्यात. मला तर नुसतं लिहायचंय." दौतीसाठी फळीला भोक पाडलं होतं, कागद धरायला पत्र्याचा चाप होता, बोरू ठेवायला खाच होती. सगळं उजव्या अंगाला. देवानं दुसराही हात दिलाय की, असं मी म्हणालो. त्यांनी नेहमीचा शब्द उच्चारला आणि खाच घासत राहिले.

त्यांच्या घराची फरशी दाराकडं उतरती. एका सुट्टीच्या दुपारी मेज त्यांच्या हातून सुटलं, घडघडत सोपा ओलांडून गेलं आणि उंबऱ्यावर आदळलं. गल्लीत कुणीतरी म्हणालं, मोटार आली. धडाधड दारं लागली. बायांनी चुलीत पाणी ओतलं. मी ज्वारीच्या कणगीत शिरलो आणि चांगला अर्धा तास आत उकिडवा बसून राहिलो. छातीचे ठोके ज्वारीत ऐकू येत होते. बाहेर आल्यावर कळलं की ती मोटार म्हणजे भगवंतरावांचं मेज.

दुसऱ्या दिवशी कचेरीत मी हा किस्सा नकला करून सांगितला. कणगी तेवढी वगळली. सगळे पोट धरून हसले. साहेबांच्याही कानावर गेलं, पण ते हसले नाहीत. जो माणूस मेज ढकलू शकतो, तो चालतही येऊ शकतो, म्हणाले. उद्या हजर व्हा, नाहीतर नोकरीवरून कमी. हा निरोपही मीच न्यायचा होता.

एरवी मी कागद सोप्यातच ठेवून परतायचो, पण निरोप तोंडी सांगायचा होता. दार नुसतं लोटलेलं होतं. हाक मारून आत गेलो तर भगवंतराव बाजेवर ताठ बसलेले, कमरेला काहीएक झालेलं नाही. उजव्या हातानं लिहीत होते. शेजारी त्यांची बायको, आमच्या काकू, भिंतीकडं तोंड करून पडल्या होत्या, डोळे गच्च मिटून. त्यांनी नवऱ्याचा डावा हात दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. दौतीचं भोक, पत्र्याचा चाप, सगळं मला एकदम कळलं. मी शरमून मागं सरलो.

त्यांनी हळू आवाजात सांगितलं. काकूंचं माहेर तामलवाडीकडच्या एका खेड्यात. महिन्यामागं त्या तिथं असताना हत्यारबंद माणसं आली. काकू दिवसभर कडब्याच्या गंजीत दडून राहिल्या. तेव्हापासून हात सोडला की थरथर कापायला लागतात. त्यांचा डोळा लागायचा तेवढ्या वेळात मेज झालं होतं.

मी साहेबांचा निरोप सांगितला. त्यांनी बोरू खाचेत ठेवला. "येतो म्हणावं उद्या," म्हणाले आणि डावा हात सोडवायला गेले. काकूंच्या तोंडून नुसता एक आवाज निघाला. हात होता तिथंच राहिला.

"येऊ नका. मी बघतो," मी म्हणालो.

"कचेरीत हिचं नाव काढू नका. लोक येडी म्हणतील. मला भित्रा म्हणत्यातच, त्यात काय नवं न्हाय."

मी साहेबांना सांगितलं, कंबर खरंच गेलीय, डोळ्यांनी पाहून आलो. मेज ढकललं नव्हतं, घुंगरू वाजलं म्हणून दचकून त्यांनीच लाथ मारली, आणि त्यात होती-नव्हती ती कंबरही गेली. आता साहेब हसले. नकला घरी जाऊ द्या, म्हणाले. सगळी कचेरी हसायला लागली, एहतियातराव मांजराला भ्याले म्हणून. कुणाला संशय येऊ नये म्हणून सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो. एहतियात.